वायू येण्यापूर्वी

तळेगाव नावाची गावे महाराष्ट्रात इतकी आहेत, की प्रत्येकाला ओळखीसाठी आपल्या नावापुढे कोणाचा तरी आधार घ्यावा लागतो. पुण्याकडे दाभाड्यांचे तळेगाव आहे, ढमढेऱ्यांचे आहे. अमरावती जिल्ह्यात दशासरचे आहे. आणि वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, नागपूर–अमरावती महामार्गावर, श्यामजी पंतांचे तळेगाव आहे. भोवताली कपाशी, तूर, सोयाबीन, आणि पाणी असेल तेथे संत्र्याच्या बागा. जवळच्या घाटाला सत्याग्रही घाट म्हणतात, आणि या नावामागे १९३० सालचा जंगल सत्याग्रह आहे. या गावाचा आणि नैसर्गिक वायूचा संबंध काय, असे वाचक विचारतील. त्यांनी तो प्रश्न जरूर विचारावा. देशाने नैसर्गिक वायूपासून दूर कसे जावे याचे आराखडे आज जगभर मांडले जात आहेत, आणि ज्या प्रदेशात हा वायू अजून घरोघरी पोहोचलेलाच नाही तेथून त्या आराखड्यांकडे पाहिले, तर राजधान्यांतून न दिसणाऱ्या काही गोष्टी दिसतात, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे 'गॅस' म्हटले की लाल सिलिंडर डोळ्यांसमोर येतो. त्यात असतो तो प्रोपेन-ब्यूटेनचा द्रवरूप वायू. नैसर्गिक वायू निराळा. तो मुख्यतः मिथेन. मुंबईच्या स्वयंपाकघरांत नळीने येतो तो हा, रिक्षा चालते ती याच्यावर. आणि गंमत अशी की खेड्यातल्या शेणाच्या टाकीतून निघणाऱ्या गोबर गॅसचा जळणारा भागही हाच मिथेन आहे, निम्म्याहून थोडा अधिक. म्हणजे रसायनाच्या दृष्टीने वायूवाहिनीचा सख्खा नातलग सिलिंडर नसून गोठ्यामागची टाकी आहे. फरक आहे तो उगमाचा. एक मिथेन कोट्यवधी वर्षे भूगर्भात साठून राहिलेला, तर दुसरा कालच्या चाऱ्यातून आज झालेला. पहिला जाळला की वातावरणात नव्या कार्बनची भर पडते. दुसरा जाळला की गेल्या हंगामात झाडाने घेतलेला कार्बन परत जातो. गळू दिला तर मात्र दोन्ही सारखेच घातक, कारण शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक भरते.

भारताचे धोरण सध्या दोन दिशांना तोंड करून उभे आहे. देशाच्या एकूण ऊर्जावापरात नैसर्गिक वायूचा वाटा सहा-सात टक्क्यांच्या घरात आहे; तो २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचा, असे उद्दिष्ट सरकारने ठेवले. दुसरीकडे, नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा शब्द दिला. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी 'सेतू-इंधन' ही कल्पना पुढे केली जाते: वीज करताना वायू कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन सोडतो, म्हणून कोळशाकडून सूर्याकडे जाताना मधला पूल वायूचा. युक्तिवाद खोटा नाही. पण पुलाला दुसरा काठ असावा लागतो, आणि तो कधी गाठायचा हे पूल बांधतानाच ठरवावे लागते. 'गेल'ने हाती घेतलेली मुंबई–नागपूर–झारसुगुडा वाहिनी सुमारे १,७०० किलोमीटरची. तिचा मुंबई–नागपूर टप्पा समृद्धी महामार्गाच्या कडेने आखलेला. नागपुरात जुलै २०२१ मध्ये मालमोटारींसाठी द्रवीकृत वायूचे केंद्रही उघडले. पोलादी वाहिनी तीन-चार दशके टिकते. आज पुरलेली नळी २०६० च्या सुमारास म्हातारी होईल, म्हणजे शून्याच्या तारखेला जेमतेम दहा वर्षे उरलेली असतील. पाहुणा उंबऱ्याशी आला असतानाच त्याच्या निरोपाची तिथी काढावी लागावी, अशी ही स्थिती आहे.

निरोप देणे किती अवघड असते ते नेदरलँड्सने पाहिले आहे. १९५९ मध्ये ग्रोनिंगेन प्रांतात स्लोख्टेरेन येथे प्रचंड वायुसाठा सापडला आणि साठचे दशक संपण्याच्या आत त्या देशाने जवळजवळ सारी घरे वायूवर आणली. कोळशाच्या खाणी बंद करण्याची घोषणा १९६५ मध्ये झाली आणि १९७४ मध्ये शेवटची खाण मिटली. पुढे उपशाने जमीन हलू लागली. ऑगस्ट २०१२ मध्ये हाउझिंगे येथे ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, घरांना तडे गेले, आणि अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये उपसा थांबला. जुलै २०१८ पासून तेथे नव्या घरांना वायूची जोडणी सहसा देत नाहीत. देशाला वायूवर आणायला दहा वर्षेही लागली नव्हती. त्याला वायूवरून काढण्याची मुदत मात्र २०५० ठेवावी लागली आहे. येताना जो वेग होता तो जाताना नाही, आणि तोही श्रीमंत, लहान, शिस्तीच्या देशात.

आपल्या महाराष्ट्राला वायूच्या नियोजनाचा धडा शिकायला इतके दूर जायला नको. तो गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या कड्यावर उभा आहे. १९७४ मध्ये मुंबई हाय सापडले. तेलाबरोबर वर येणारा वायू घेण्याची सोय नव्हती म्हणून त्यातला पुष्कळसा समुद्रावरच जाळून टाकला जाई. पुढे उरणला वीजकेंद्र, थळला खतकारखाना आणि हजिऱ्याहून उत्तरेकडे जाणारी वाहिनी असे करत तो कामी लागला. स्वतःच्या दारातल्या वायूची ही कथा धिमी, सरकारी आणि कंटाळवाणी आहे. म्हणून कोणी ती सांगत नाही. सांगितली जाते ती दाभोळची. जून १९९२ मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार, १९९५ मध्ये सत्ताबदल होताच प्रकल्प रद्द, १९९६ मध्ये वाटाघाटी होऊन तोच प्रकल्प पूर्वीपेक्षा मोठा, मे १९९९ मध्ये नाफ्थ्यावर ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू, मे २००१ मध्ये सारे बंद, डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉन दिवाळखोरीत. मधल्या काळात वेलदूरच्या कोळी स्त्रियांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, ते वेगळेच.

या प्रकरणाचे वाङ्मय अफाट आहे आणि त्यातले बरेचसे भ्रष्टाचाराच्या प्रश्नापाशी थांबते. आम्हांस त्यातली खरी शिकण्याची गोष्ट करारातल्या साध्या तरतुदीत दिसते. वीज मंडळाने वीज उचलो वा न उचलो, प्रकल्पाच्या क्षमतेचा आकार दरमहा द्यायचा. इंधन परदेशातून, हिशेब डॉलरशी बांधलेला. दुसऱ्या टप्प्यासाठी द्रवीकृत वायू आखातातून यायचा होता. म्हणजे वीस वर्षांनी राज्याची विजेची गरज किती असेल, रुपया कोठे असेल, आखातात वायूचा भाव काय असेल, या तिन्ही अनिश्चितांचे ओझे एकाच पक्षाच्या खांद्यावर, आणि तो पक्ष कोण, तर आधीच तोट्यात असलेले वीज मंडळ. ही वीज महाग पडेल, राज्याला इतक्या विजेची गरज नाही, असे जागतिक बँकेने १९९३ मध्येच सांगून कर्ज नाकारले होते. २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने या सगळ्याची चिकित्सा केली, ती नंतर. प्रकल्प बंद पडल्यावर तो जुलै २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या सरकारी कंपनीच्या गळ्यात आला, १,९६७ मेगावॅटच्या क्षमतेसह. २००९ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू मिळू लागला म्हणून यंत्रे फिरली. तो साठा अपेक्षेपेक्षा फार लवकर आटला आणि २०१३ मध्ये ती पुन्हा थांबली. पुढे २०१५ पासून रेल्वेला थोडी वीज देऊन केंद्र कसेबसे जगवले गेले. शेजारचे द्रवीकृत वायूचे बंदर २०१३ मध्ये सुरू झाले, पण लाटा अडवणारा बांध अपुरा, म्हणून कित्येक वर्षे ते पावसाळ्यात बंद ठेवावे लागे.

दाभोळ हा अपवाद असता तर एवढा वेळ त्याच्यावर घालवला नसता. देशभरात सुमारे २५ हजार मेगावॅटची वायुवीजकेंद्रे उभी राहिली आणि त्यांपैकी १४ हजारांवर मेगावॅटची केंद्रे वायूअभावी अडकलेली असल्याचे संसदेपुढे आले. पुढे २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपाने जगाच्या बाजारातला द्रवीकृत वायू मिळेल त्या भावाने ओढला. 'गेल'ला दीर्घ कराराने मिळणारा रशियन कंपनीचा पुरवठा खुंटला आणि त्याची झळ खतकारखान्यांना लागली. देशात वापरल्या जाणाऱ्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास आयातीचा आहे, हे लक्षात ठेवले की 'सेतू' या शब्दातला सगळा विसावा निघून जातो.

खतकारखान्यांचा उल्लेख आला, आणि येथेच तळेगावचा संबंध सुरू होतो. भारतात नैसर्गिक वायूचा जवळजवळ तीन दशांश भाग खतासाठी, मुख्यतः युरियासाठी, जातो. युरियातले नत्र हवेतून येते, पण ते बांधायला लागणारा हायड्रोजन मिथेन फोडून काढावा लागतो. एक टन युरियाला साधारण साडेपाच ते सहा दशलक्ष किलोकॅलरी ऊर्जा खर्ची पडते. त्यावरून आम्ही ढोबळ हिशेब केला तर ४५ किलोच्या एका गोणीत घरगुती दीड सिलिंडरांहून थोडी अधिक ऊर्जा गेलेली असते. ती गोणी शेतकऱ्याला मिळते २४२ रुपये अधिक कडुनिंबाच्या लेपाचे आणि कराचे थोडे पैसे देऊन. उरलेला भार अनुदानाचा. कपाशीला आणि संत्र्याला युरियाची गोणी फोडणाऱ्या आष्टी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरी नळी आलेली नाही, तरी नैसर्गिक वायू त्याच्या शेतात केव्हाचा आला आहे. तो गोणीतून आला, एवढेच. देशाने वायू सोडायचा म्हणजे मुंबईच्या शेगडीला विजेची शेगडी बदली देणे नव्हे. ते त्यामानाने सोपे आहे. अवघड आहे ते या गोणीचे. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या हरित हायड्रोजन अभियानाचे लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे आहे, आणि त्या हायड्रोजनाचे खत झाले तरी ते २४२ रुपयांत बसणार नाही, हे कोणीही सांगेल.

खत आणि इंधन यांचा एकत्र विचार करणारे लोक मात्र याच जिल्ह्यात होऊन गेले.

१९३० मध्ये तळेगावच्या रानात सत्याग्रही गेले ते परवान्याशिवाय गवत कापायला. मिठाचा समुद्र विदर्भाला नाही. येथे सरकारने कुंपण घातले होते ते जंगलाला, म्हणून कायदेभंगाची जागा जंगल झाली. गवत, चारा, जळण ही रोजच्या जगण्याची साधने आणि त्यांवर सरकारी शिक्का. आपण त्या लढ्याकडे स्वातंत्र्याच्या इतिहासातले एक प्रकरण म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे, पण तो ऊर्जेच्या इतिहासातलाही एक लढा होता, हे सहसा कोणी लिहीत नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, डिसेंबर १९३४ मध्ये, वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग दिली, तिचे मगनवाडी असे नाव झाले, आणि संघाचा कारभार पाहू लागले जे. सी. कुमारप्पा. तमिळ ख्रिस्ती कुटुंबातला, लंडनला हिशेबतपासनीस झालेला, कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकलेला हा मनुष्य वऱ्हाड-वर्ध्याच्या उन्हात कोलू, चुली आणि कागद करण्याच्या कढया यांच्यामध्ये बसून अर्थशास्त्र लिहीत होता.

कुमारप्पांची मांडणी अशी, की काही साधने साठ्यासारखी असतात आणि काही प्रवाहासारखी. कोळसा, खनिज तेल, धातू हे साठे. वापरले की कमी होतात, आणि जे कमी होते त्याच्यासाठी भांडण होते. पाऊस, ऊन, झाड, जनावर हे प्रवाह. शहाणपणाने घेतले तर आटत नाहीत. साठ्यांवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था युद्धाकडे जाते, असे ते म्हणत. ही मांडणी तापमानवाढीचा प्रश्न जगाच्या पटलावर येण्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि त्यांचा मुद्दा हवामानाचा नव्हताच. तो हिंसेचा होता. १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात असताना जबलपूरला त्यांनी आपला 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हा ग्रंथ लिहिला. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला आणि गोळीबार झाला तो याच वर्षीच्या १६ ऑगस्टला. त्यापूर्वी १९३८ मध्ये काँग्रेसने जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली तेव्हा कुमारप्पा तिच्यावर होते, आणि थोड्याच महिन्यांत बाहेर पडले. देशाची ऊर्जा साठ्यावर चालावी की प्रवाहावर, हा प्रश्न स्वतंत्र भारताच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या बारा-तेरा वर्षे आधीच त्या टेबलावर येऊन उठून गेला होता.

मगनवाडीतल्या लोकांनी नुसते ग्रंथ लिहिले नाहीत. कंदिलातले रॉकेल परदेशी आणि साठ्यातले, म्हणून वनस्पतितेलावर जळणारा 'मगनदीप' त्यांनी घडवला. धूर कमी करणारी 'मगनचूल' केली. हे दिवे आणि चुली रॉकेलला हटवू शकल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. रॉकेल सोपे होते. ग्रामोद्योगाच्या भक्तांना हे लिहिणे जड जाते, पण सोपेपणा हा ऊर्जेच्या इतिहासातला फार मोठा नायक आहे.

गोबर गॅसची वंशावळ तर मुंबईतून निघते. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यातून निघणारा वायू १८९७ च्या सुमारास दिव्यांसाठी वापरला गेला. पुष्कळ पुस्तकांत यासाठी १८५९ हे साल छापलेले सापडते, पण माटुंग्याचा अॅकवर्थ आश्रम १८९० चा. जन्मापूर्वी एकतीस वर्षे त्याने दिवे कसे लावले हे ते लेखकच जाणोत. शेणाच्या वायूवर दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत १९३९ मध्ये एस. व्ही. देसाई यांनी प्रयोग केले, जशभाई पटेलांनी १९५१ च्या सुमारास तरंगत्या टोपीचे 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र उभे केले आणि साठच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. कोकणात कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मानवी मैल्यावर चालणारे 'मलप्रभा' उभे केले. भंगीमुक्ती हा त्यांचा मूळ हेतू, सोनखत हा दुसरा आणि वायू हा तिसरा. आणि हा क्रम उलटा केला की अप्पांचे सारे काम समजेनासे होते. त्यांचा वारसा देहूत डॉ. मापुसकरांनी पुढे नेला. वर्ध्यात १९७६ मध्ये देवेंद्रकुमारांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढले, तेथेही जैववायूवर काम झाले. या साऱ्यांची एक बाब समान: टाकीतून वायू जातो, पण नत्र जात नाही. ते मळीत उरते आणि शेतात परतते. चूल आणि युरियाची गोणी हे दोन्ही प्रश्न एकाच टाकीत सुटतात, निदान कागदावर.

कागदावर, असे मुद्दाम म्हटले. एक घनमीटर वायूला रोज साधारण २५ किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. चार-पाच माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटर धरले, तर दावणीला चार-पाच मोठी जनावरे हवीत. आष्टी, कारंजा, आर्वी हा गवळाऊ गाईंचा मूळ मुलूख. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला या जातीचे सरकारी पैदास केंद्र आहे. तरीही ट्रॅक्टर आला, चराऊ रान आटले आणि दावणी रिकाम्या होऊ लागल्या. उन्हाळ्यात माणसांना पाणी नसते तेथे टाकीला कोठून घालणार? शिवाय शेण कालवायचे कोणी, याचे उत्तर प्रत्येक घरात एकच होते. १९७० च्या दशकात याहून कठोर आक्षेप घेतला गेला: रस्त्यावर पडलेले शेण भूमिहीनाची बाई उचलते आणि तिच्या गोवऱ्या थापते, शेणाला वायूचे मोल आले की ते शेण जनावराच्या मालकाचे होते. कर्नाटकातल्या पुरा गावी अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या गावाचा सामाईक प्रकल्प केला. स्वयंपाकासाठी वायू देण्याचा प्रयत्न फसला. त्याच वायूवर इंजिन चालवून पाणी आणि दिवे दिले तेव्हा गाव टिकून राहिले. पाणी सर्वांना लागत होते, म्हणून शेणही सर्वांनी दिले.

आज तीच कल्पना मोठ्या अंगरख्यात परत आली आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने 'सतत' नावाची योजना काढली: शेतातला काडीकचरा, शेण, मळी यांपासून दाबाखालचा जैववायू करायचा, ५,००० प्रकल्प २०२३-२४ पर्यंत. मुदत उलटली तेव्हा शंभरीही गाठलेली नव्हती. आता शहरी वायू कंपन्यांवर मिश्रणाचे बंधन आहे: २०२५-२६ साठी एक टक्का, पुढे तीन, चार, आणि २०२८-२९ पासून पाच. नैसर्गिक वायू सोडण्याचा भारताचा ज्याला आकडा आहे असा हा जवळजवळ एकमेव लिखित आराखडा, आणि त्याचे आम्हांस स्वागतच आहे. पण पाच टक्के मिथेन कोणाच्या शेतातून येणार, हा प्रश्न सत्याग्रही घाटाच्या पायथ्याशी विचारावा असा आहे.

कापसाचे वेचे संपले की पऱ्हाटी उपटतात. बोंडअळीच्या भयाने ती शेतात ठेवू नये, असे कृषी खाते सांगते. उपटलेल्या पऱ्हाटीचे भारे बांधून घराकडे जातात. सिलिंडर घरात आहे, पण तो भरायला पैसे लागतात, म्हणून पाणी तापवायला आणि भाकरीला पऱ्हाटीच जळते. मजुरांच्या घरी तर तिच्यावरच वर्षाचा बराच भाग निघतो. प्रकल्पांच्या अहवालांत या काडीला 'अतिरिक्त जैवभार' असे नाव आहे. शेतात उरले ते सगळे अतिरिक्त, अशी ती मोजणी. उद्या तिचा टनाला भाव ठरेल. तो सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या खात्यात जमा होईल, आणि भारा डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बाईला बांधावर कोणी विचारील की ही पऱ्हाटी कोणाला विचारून नेतेस.